विंगसूटला छत्री कोणती लावायची?

विंगसूट म्हणजे हातांखाली आणि पायांमध्ये कापडी पंख असलेला सूट. आज आपण जो विंगसूट बघतो त्याला आकार देणारा फ्रेंच स्कायडायव्हर पॅट्रिक द गायार्दाँ १३ एप्रिल १९९८ रोजी हवाई बेटांवर उडी मारताना गेला. सूटने दगा दिला नव्हता. पाठीवरच्या पॅराशूटच्या कंटेनरमध्ये त्याने एक नवा बदल करून पाहिला होता. त्या कामात चूक राहिली आणि छत्री, म्हणजे पॅराशूट, उघडली नाही. पुढच्याच वर्षी फिनलंडचा यारी कुओस्मा आणि क्रोएशियाचा रॉबर्ट पेच्निक यांनी बर्डमॅन ही कंपनी काढली, आणि पंखांचा सूट हौशी उडीबहाद्दरांना विकत मिळू लागला. तेव्हापासून सूटवर तासन्‌तास वाद होतात. छत्रीचा विषय मात्र शेवटच्या दोन मिनिटांत उरकतात.

मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंमध्ये माणसं कड्यावरून झेपावतात आणि खडकांना घासून जातात. तो बेस जंपिंगचा प्रकार. तिथे एकच छत्री असते आणि चुकीला जागा जवळजवळ नसते. मी लिहितोय ते विमानातून साधारण १३,००० फुटांवरून, मुख्य आणि राखीव अशा दोन छत्र्या घेऊन मारलेल्या उडीबद्दल.

मी बेळगावात पदार्थविज्ञान शिकवतो. उड्या मारतो तो माझा भाचा. खानापूर तालुक्यातला मुलगा, आता दुबईत नोकरीला, सुट्टीच्या दिवशी विमानातून बाहेर पडण्याचा छंद लागलेला. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचा नियम आहे की किमान २०० उड्या झाल्याशिवाय विंगसूट घालायचा नाही. तो आकडा ओलांडल्यावर त्याचा फोन आला.

“मामा, माझी आत्ताची छत्री भारी पळते की. सूटवर तीच लावली तर चालेल काय?”

“पळते म्हणूनच नको.”

“खरं सगळे म्हणतात, मोठी छत्री म्हणजे नवख्याची.”

हे ‘सगळे’ कोण ते मला अजून कळलेलं नाही. पण पळणारी छत्री का नको, हे त्याला समजावताना जे कागदावर उतरलं ते इथे सविस्तर मांडतो. विंगसूटवाल्याचा उडण्याचा आनंद सूटमध्ये असतो. छत्रीकडून त्याला एकच गोष्ट हवी असते: दर वेळी, सरळ समोर तोंड करून, गडबड न करता उघडणं. उघडल्यावर ती थोडी कंटाळवाणी उडाली तरी काही बिघडत नाही.

आधी छत्रीची ओळख

पॅराशूट म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर गोल छत्री येते, आणि त्याला कारणही आहे. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. बांगलादेशच्या युद्धात ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलवर उतरलेली दुसरी पॅरा बटालियन ही मूळची मराठ्यांची तिसरी बटालियन. त्या सैनिकांच्या छत्र्या गोल होत्या, विमानाला अडकवलेल्या पट्ट्याने आपोआप उघडणाऱ्या. गोल छत्री वेग कमी करते आणि वारा नेईल तिकडे जाते. तिला हवं तसं वळवता येत नाही.

खेळात वापरतात ती छत्री वेगळी. पतंग आणि फुगे बनवणाऱ्या डोमिना जाल्बर्ट यांनी १९६४च्या सुमारास अमेरिकेत तिची कल्पना मांडली. कापडाचे दोन थर, मध्ये उभ्या कापडी भिंती आणि पुढची कड उघडी. पुढे सरकताना त्या उघड्या तोंडातून हवा आत शिरते आणि कापड ताठ होऊन पंख तयार होतो. दोन भिंतींमधल्या कप्प्याला सेल म्हणतात. कॅनोपी म्हणतात ती हीच. बेळगावजवळच्या हत्तरगीच्या कारखान्यांत विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या पोरांना सांगायला नको की पंख म्हटला की उचल आली, वळण आलं आणि चुकीच्या वळणाचे परिणामही आले. गोल छत्री वाकडी उघडली तरी ती कुठे धावत नाही. पंख वाकडा उघडला तर तो त्या दिशेने निघतो.

सूटमध्ये छत्री उघडते तेव्हा

साधी उडी पोटावर असते. माणूस ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेगाने सरळ खाली पडतो आणि वारा खालून वर येतो. तो हाताने एक छोटी छत्री बाजूला फेकतो, तिला पायलट च्यूट म्हणतात. ती वाऱ्यात ताणली जाते आणि ब्रायडल नावाची पट्टी खेचते. पाठीवरच्या कंटेनरची पिन निघते आणि मुख्य छत्रीची पिशवी पाठीवरून सरळ वर उचलली जाते. दोऱ्या पूर्ण ताणल्या गेल्या की पिशवीतून छत्री बाहेर पडते.

सूटमध्ये यातली एकही दिशा तशी राहत नाही. खाली येण्याचा वेग ताशी ६० ते १०० किलोमीटरवर येतो, पुढे जाण्याचा वेग १५०च्या आसपास किंवा जास्त. म्हणूनच एका मिनिटाची उडी दोन-तीन मिनिटांची होते. पण मग वारा खालून येण्याऐवजी बराचसा समोरून, डोक्याकडून पायांकडे वाहतो. पिशवीला वर उठायचं नसतं, पाठीवरून मागे, दोन पायांमधल्या पंखावरून सरकत जायचं असतं. कंटेनरचे खालचे कोपरे घट्ट शिवलेले असतील तर पिशवी एका कोपऱ्यात क्षणभर अडकते आणि तिरकी निघते. पिशवी तिरकी निघाली की डाव्या-उजव्या दोऱ्या एकसारख्या ताणल्या जात नाहीत. पुढच्या बऱ्याच भानगडी इथूनच सुरू होतात.

त्यात हवेचा पोकळ पट्टा. तवंदी घाटात मोटारसायकल एखाद्या भरलेल्या ट्रकच्या अगदी मागे नेली की समोरचा वारा एकदम गायब होतो आणि शर्ट कधी इकडे तर कधी तिकडे फडफडतो. पसरलेल्या सूटच्या मागे अशीच गोंधळलेली हवा असते, आणि सूट जितका मोठा तितका तो पट्टा लांब. पायलट च्यूट लहान असेल किंवा ब्रायडल आखूड असेल तर ती या पट्ट्यातच नाचत राहते आणि जोर लावून ओढत नाही.

तिसरी गोष्ट माणसाच्या शरीराची. पायलट च्यूटचं हँडल पकडायला हात मागे नेताना एक खांदा खाली गेला किंवा एक पाय आधी दुमडला, तर सूट त्या बाजूला वळायला लागतो. म्हणून दोन्ही हात एकाच वेळी मागे न्यायला आणि पायांचा पंख एकसारखा मिटायला शिकवतात. तरीही दर वेळी ते जमतंच असं नाही. छत्री थोडी बाजूला तोंड करून उघडते, माणूस मात्र सूटमधल्या वेगाने पुढेच निघालेला असतो. दोघांच्या दिशा वेगळ्या झाल्या की मधल्या दोऱ्यांना पीळ पडतो. यालाच लाइन ट्विस्ट म्हणतात.

साध्या उडीतही पीळ पडतो. तिथे माणूस दोन्ही हातांनी रायझर, म्हणजे खांद्यावरचे जाड पट्टे, फाकवतो आणि पाय झाडून उलटा फिरतो. बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं. सूटमध्ये पाय एका पंखात बांधलेले असतात. हातही बहुतेक सूटमध्ये चेन उघडेपर्यंत वर जात नाहीत. नव्या काही सूटमध्ये हात मोकळे न करता रायझरपर्यंत पोचता येतं, पण सगळ्यांत नाही. म्हणजे पीळ पडल्यापासून हाताने काही करता येईपर्यंत काही सेकंद छत्री स्वतःच्या मर्जीने वागणार. त्या सेकंदांत ती शांत लटकून राहील की फिरकी घेत खाली सुटेल, यावर निवड ठरते.

सात की नऊ

बाजारात सर्वसाधारणपणे सात सेलच्या आणि नऊ सेलच्या छत्र्या असतात. नऊ सेलवाली रुंदीला जास्त, पुढून मागे कमी. ती चांगली तरंगते, लांब जाते आणि लवकर वळते. सात सेलवाली जरा आखूड आणि खोल. ती थोडी तीव्र उतरते आणि तरंगायला कमी.

विंगसूटसाठी अनुभवी माणसं सातचं नाव घेतात. पंखाची रुंदी कमी असली की मधल्या आणि टोकाच्या सेलमधलं अंतर कमी. एक टोक दुसऱ्याआधी फुगलं तरी त्या फरकाने छत्री फिरवायला मिळणारा जोर कमी पडतो. शिक्षकी भाषेत सांगायचं तर बल तेवढंच, पण भुजा आखूड. दोऱ्याही कमी, त्यामुळे पॅकिंगचा गठ्ठा लहान होतो.

पुढचा प्रश्न वरून बघितल्यावर दिसणाऱ्या आकाराचा. चौकोनी, टोकांकडे थोडी निमुळती आणि पुरती लंबवर्तुळाकार. लंबवर्तुळाकार छत्री वेगवान वळणांसाठी बनवलेली असते. पिळात एक बाजू थोडी खाली गेली की ती लगेच त्या बाजूला झुकते, झुकली की वेग वाढतो, वेग वाढला की माणूस बाहेर फेकला जातो आणि दोऱ्यांवरचा ताण आणखी वाढतो. हे चक्र दोन-तीन सेकंदांत इतकं जोर धरतं की हातपाय हलवणंही कठीण होतं. मग एकच मार्ग उरतो: मुख्य छत्री अंगापासून सुटी करून टाकायची, म्हणजे कटअवे, आणि राखीव उघडायची. आयताकृती किंवा जेमतेम निमुळती सात सेलची छत्री याच पिळात बऱ्याचदा सरळ उडत राहते आणि माणसाला चेन उघडायला वेळ मिळतो.

खास या कामासाठी बनवलेल्या छत्र्या आता मिळतात. स्क्विरलची एपिसीन, परफॉर्मन्स डिझाइन्सची होरायझन, एन्झेड एरोस्पोर्ट्सची (आता जायरो) क्राकेन, एरोडाइनची पायलट-७. चारही सात सेलच्या. नावं आणि रंग वेगळे, हेतू एकच. परफॉर्मन्स डिझाइन्सच्याच स्पेक्टर आणि स्टॉर्म या छत्र्या विंगसूटसाठी जन्मल्या नव्हत्या, पण त्याही सात सेलच्या, आणि अनेक जण त्या वापरतात. चारांपैकी कोणती घ्यावी यावर लोक हिरीरीने भांडतात. माझ्या मते हा वाद दुय्यम आहे. चारांपैकी कोणतीही, योग्य आकारात घेतलेली, ही चुकीच्या आकारातल्या सर्वोत्तम छत्रीपेक्षा कितीतरी बरी.

उघडायला लागणारा वेळही बघायचा. दोऱ्यांवर स्लायडर नावाचा एक चौकोनी कापडी तुकडा असतो. तो वरून हळूहळू खाली घसरतो आणि छत्रीला एकदम फुगू देत नाही. काही छत्र्या उघडताना बराच वेळ अर्धवट लोंबत राहतात. पोटावरच्या वेगवान उडीत ही सवय सुखाची वाटते, कारण झटका बसत नाही. सूटमध्ये वेग आधीच कमी असतो, त्यामुळे तीच छत्री आणखी रेंगाळते आणि रेंगाळताना हळूच वळतेही. ठाम उघडणारी, पण मान न मोडणारी, अशी मधली हवी.

किती मोठी?

इथे थोडी आकडेमोड आहे. अंगावरच्या सगळ्या सामानासकट आपलं वजन पौंडांत घ्यायचं आणि छत्रीच्या चौरस फुटांनी भागायचं. येणाऱ्या आकड्याला विंग लोडिंग म्हणतात. भाच्याचं वजन ७४ किलो, पाठीवरचा संच १२ किलो, सूट-हेल्मेट वगैरे ४ किलो. एकूण ९० किलो, म्हणजे १९८ पौंड. १९० चौरस फुटांच्या छत्रीवर हा आकडा १.०४ येतो, १७०वर १.१७, १५०वर १.३२ आणि १३५वर १.४७. त्याची ‘भारी पळणारी’ छत्री १३५ची होती.

छत्रीचा वेग या आकड्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १९०वरून १३५वर आलं की वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. ऐकायला कमी वाटतं, पण जमिनीवर आपटताना हाडांना वेगाचा वर्ग भोगावा लागतो, आणि तो ४१ टक्क्यांनी वाढलेला असतो. विंगसूटसाठी नवख्याने १च्या आसपास राहावं, आणि मुरलेल्यानेही १.३च्या फार पुढे जाऊ नये, असा मी हिशेब धरतो. पिळातली फिरकीही याच आकड्याबरोबर वाढते.

हा आकडा एकटा पुरत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. ५० किलोची एखादी मुलगी संच आणि सूट घालून ६६ किलोची, म्हणजे १४५ पौंडांची झाली. १५० चौरस फुटांवर तिचा आकडा ०.९७ येतो, एकदम सौम्य. पण १५०ची छत्री १९०च्या छत्रीपेक्षा आकारानेच लहान, तिच्या दोऱ्याही आखूड. आखूड दोऱ्यांवर माणूस छत्रीच्या जवळ लटकतो आणि वळण लवकर घेतलं जातं. त्यामुळे तिच्यासाठी १५० तितकी सौम्य नाही जितकी आकड्यावरून दिसते. सडपातळ मुलींना केवळ वजन बघून लहान छत्री देऊ नये. मोठी थोडी अवजड वाटली तरी चालेल.

आता इथल्या हवेचा हिशेब. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण २,५०० फुटांवर आहे. मे महिन्याच्या दुपारी ३६ अंश तापमान धरलं तर हवा तापून इतकी विरळ होते की पंखाला आपण ५,६०० फुटांवर असल्यासारखं वाटतं. दुबई समुद्राला लागून आहे. हिवाळ्यात २४ अंशांवर तिथली हवा हजारेक फुटांवरच्या हवेइतकी दाट असते. या दोन हवांच्या घनतेत सुमारे १४ टक्क्यांचा फरक पडतो आणि छत्रीचा खरा वेग ७ टक्क्यांनी वाढतो. गणित उलटं मांडलं तर दुबईच्या थंडीत सवय झालेली १७०ची छत्री बेळगावच्या मेच्या दुपारी १५०च्या छत्रीसारखी पळेल. बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टीवर हवाई दल आहे आणि प्रवासी विमानंही उतरतात, त्यामुळे तिथे कोणी उद्या हौसेने उड्या मारेल असं मला म्हणायचं नाही. पण पठारावरच्या कुठल्याही ठिकाणी हाच हिशेब लागतो, आणि छत्रीवर छापलेल्या आकड्यात तो कुठेच नसतो.

उतरण्याच्या जागेचंही बघा. विंगसूटवाला एका उडीत कित्येक किलोमीटर आडवा जातो. वाऱ्याचा अंदाज चुकला की ठरलेल्या मैदानाऐवजी भलत्याच ठिकाणी उतरावं लागतं. आपल्या सीमाभागात कल्पना करून बघा: चिक्कोडी, रायबाग, अथणीकडे कृष्णाकाठी माणसापेक्षा उंच ऊस, त्यात विजेच्या तारा आणि मध्येच विहिरी. खानापूरच्या पश्चिमेला जंगल. मोकळा तुकडा सापडला तर तो दोन बांधांमधला. अशा तुकड्यात हळू उतरणारी मोठी छत्रीच हवी. इथे सात सेलची एक खोट उघडी पडते: ती कमी तरंगते, म्हणून लांबच्या मैदानापर्यंत पोचायला कमी पडते. यावर उपाय छत्री बदलण्याचा नाही. सूटने उडतानाच मैदानाच्या जवळ राहायचं आणि वर उघडायची. नवख्याने साधारण ५,००० फुटांच्या आसपास उघडावी. जमिनीपासूनचे ५,००० फूट, समुद्रसपाटीपासूनचे नव्हे.

कापड आणि दोऱ्या

दोन जातींची कापडं असतात. एफ-१११ नावाच्या कापडातून थोडी हवा झिरपते. ते हाताला मऊ, घडी घालायला सोपं, पण काही शे उड्यांनंतर ढिलं पडतं आणि उतरताना शेवटचा ब्रेक नीट धरत नाही. दुसरं झिरो पोरोसिटीचं, सिलिकॉनचा लेप दिलेलं. हवा जात नाही, वर्षानुवर्षं टिकतं, पण इतकं निसरडं की नवं असताना पिशवीत कोंबताना घाम फुटतो. विंगसूटच्या काही छत्र्यांत दोन्हींचं मिश्रण असतं किंवा पातळ, कमी जागा घेणारं कापड असतं. त्यामुळे लहान कंटेनरमध्ये मोठी छत्री मावते. मोठी छत्री घ्यायला नाखूश असलेल्यांची निम्मी तक्रार तिथेच संपते.

दोऱ्यांबद्दल मात्र लोक फार कमी विचार करतात. जुन्या डॅक्रॉनच्या दोऱ्या जाड आणि थोड्या ताणणाऱ्या, त्यामुळे झटका मऊ बसतो, पण गठ्ठा वाढतो. स्पेक्ट्राच्या दोऱ्या बारीक आणि मजबूत. त्यांची खोड अशी की स्लायडर खाली घसरताना होणाऱ्या घर्षणाच्या उष्णतेने त्या आखडतात, आणि सगळ्या सारख्या आखडत नाहीत. बाहेरच्या आणि ब्रेकच्या, म्हणजे छत्री वळवायच्या आणि वेग मारायच्या, दोऱ्या जास्त आखडतात. व्हेक्ट्रानच्या दोऱ्या आखडत नाहीत, पण झिजून तुटतात. चार-पाचशे उड्या झालेली, स्पेक्ट्राच्या मूळ दोऱ्यांची छत्री कोणी स्वस्तात विकत असेल तर ती दर वेळी एकाच बाजूला वळून का उघडते याचं उत्तर बहुधा त्या दोऱ्यांत असतं. जुनी छत्री घेताना कापडाचा रंग बघण्याआधी रिगरकडून, म्हणजे छत्र्या तपासून दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून, डाव्या-उजव्या दोऱ्या मोजून घ्या. फरक दिसला तर नव्या दोऱ्यांचा खर्च किमतीत धरा. साध्या उडीत खपून जाणारा हा वाकडेपणा सूटमध्ये थेट पीळ होऊन समोर येतो.

छत्रीशेजारच्या वस्तू

नेहमीची पायलट च्यूट २४ ते २८ इंचांची असते, विंगसूटसाठी ३० इंचांच्या आसपासची घेतात आणि ब्रायडल लांब. फार मोठी घेऊ नका. ती पिशवी इतक्या जोराने हिसकावते की दोऱ्या क्रमाने न सुटता ढिगाने सुटतात. कंटेनरचे खालचे कोपरे मोकळे होणारे असावेत, नाहीतर रिगरकडून सूटला योग्य करून घ्यावेत. गायार्दाँचं उदाहरण बघता घरच्या मशीनवर काहीही शिवू नये.

राखीव छत्री हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. लोक मुख्य छत्री मोठी घेतात आणि राखीव लहानच ठेवतात, कारण कंटेनर लहान हवा असतो. सूट अंगावर असताना, फिरकी घेतलेल्या छत्रीतून सुटून जी उघडायची ती हीच. बहुतेक राखीव छत्र्याही सात सेलच्याच असतात, तेव्हा तिच्या जातीची काळजी नाही, आकाराची करा. वर सांगितलेला भागाकार तिच्यासाठीही करा.

आता एएडी. माणूस बेशुद्ध पडला किंवा उंची विसरला तर राखीव छत्री आपोआप उघडणारं यंत्र. सायप्रस नावाचं प्रसिद्ध यंत्र १९९१मध्ये आलं आणि त्याने अनेकांचे प्राण वाचवले. त्याचा सर्वसाधारण नमुना साधारण ७५० फुटांवर, आपण सेकंदाला ३५ मीटरपेक्षा, म्हणजे ताशी १२६ किलोमीटरपेक्षा, जास्त वेगाने खाली येत असू तरच चालतो. विंगसूट खाली येतो ६० ते १०० किलोमीटरने. म्हणजे सूट पसरून उडत असताना माणसाने उंचीकडे दुर्लक्ष केलं तर यंत्राला वाटतं की सगळं ठीक आहे. यंत्र असावंच, कारण सूट कोलमडला तर वेग वाढतो आणि ते चालतं. पण त्याच्या भरवशावर छत्री निवडायची नाही. पिळात अडकून मध्यम वेगाने फिरत येणाऱ्या माणसालाही ते वाचवेल याची खात्री नाही.

घेतल्यावर

नवी छत्री आणि नवा सूट एकाच उडीत घालू नये. आधी सूटशिवाय छत्रीच्या उड्या मारायच्या, वर उघडायची आणि उंची हातात असताना तिला वागवून बघायचं. किती ब्रेक ओढला की ती उडणं सोडते, मागच्या रायझरने किती वळते, दोन्ही ब्रेक शेवटी ओढल्यावर, म्हणजे फ्लेअर केल्यावर, किती उचलते. पीळ पडलेला असताना ब्रेक अजून अडकवलेलेच असतात. त्यामुळे मागच्या रायझरवर तिचं वागणं हातात बसलं पाहिजे. ते बसलं की सूट.

सूटमधल्या पहिल्या उड्यांत प्रत्येक उघडणं लिहून ठेवा: तोंड कुठे होतं, पीळ पडला का, किती उंची गेली, छत्री कोणी पॅक केली होती. पायलट च्यूटची आतली दोरी पॅक करताना ताणून ठेवायची असते. ती ताणली आहे का हे ब्रायडलवरच्या छोट्या खिडकीतून रंग दिसल्यावर कळतं. तो रंग बघितल्याशिवाय विमानात चढू नका. नोंदींमध्ये छत्री एकाच बाजूला वळताना दिसली तर आधी दोऱ्या मोजा, मग पॅकिंग बघा, मग कोणाला तरी शेजारून उडत तुमचं उघडणं चित्रित करायला सांगा. खांदा कोणता खाली जातो ते त्यात दिसतं. आणि छत्री सरळ उघडली, हात मोकळे झाले की लगेच पायांची चेन उघडून घ्या, कारण वारा नसलेल्या दिवशी उतरताना चार पावलं धावावं लागतं.